बुश, बाबा आणि बाबांचं पोट

आमच्या पिकअपचं नाव कर्कशा. ठेवलंय मी, पण कमावलंय तिनं. साध्या खड्ड्यात गेली तरी पुढून असा ‘ठक्क’ आवाज येतो, जणू कोणीतरी खालून दार ठोठावतंय आणि आपण उघडत नाही म्हणून चिडलंय.

आई केक करते, बाबा ते कर्कशेतून पोचवतात. गेल्या शनिवारी हॉटेलवालीचा तीन मजली केक सातव्या गतिरोधकावर दोन मजली झाला. तिसरा मजला आईच्या मांडीवर होता. हॉटेलवालीनं फार आरडाओरडा केला नाही. म्हणाली, “पुढच्या शनिवारी पाच वाजता आणखी एक आणा. उभा आला तर दर शनिवारी तुमचाच केक. आडवा आला तर तुम्ही तुमच्या घरी, मी माझ्या.”

आई आठवडाभर नीट झोपली नाही. आणि तो शनिवार आज उजाडला.

तर सकाळी आठ वाजता कर्कशा अंगणात, पुढून उचललेली, लोखंडी घोड्यांवर टेकवलेली, पुढची चाकं काढलेली. बुश बदलायचे होते. बुश म्हणजे काय ते मी सांगते, कारण मला आता येतं आणि सांगायला मला भयंकर आवडतं. चाकाला गाडीशी जोडणारा एक लोखंडी हात असतो. तो बिजागरीसारखा वरखाली हलतो. तिथे लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून मधे रबराची जाडजूड बांगडी बसवतात. ती बांगडी म्हणजे बुश. ती फाटली की ठक्क.

आमच्या बांगड्या बसवल्यापासून दोन महिन्यांत फाटल्या होत्या. बसवल्या बाबांनी, त्यामुळे चूक बाबांची असणं शक्यच नव्हतं. चूक रबरवाल्याची. म्हणजे कोपऱ्यावरच्या सुट्या भागांच्या दुकानदाराची. “कुजकं रबर विकतो!” असं भर दुकानात सुनावून बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. घरी येताना दुकान डावीकडे लागतं, म्हणून बाबा तिथून उजवीकडे बघत गाडी चालवतात. नवे बुश त्यांनी पार दुसऱ्या गावाहून आणले.

ते रात्रभर आईच्या फ्रीझरमध्ये होते. गार पडून जरा आकसले की आत बसायला सोपे जातात. डब्यावर मी ठळक अक्षरांत ‘खाऊ नका’ लिहिलं होतं. सकाळी आजोबा फ्रीझरसमोर उभे, तोंडात काहीतरी.

“आजोबा! ‘खाऊ नका’ लिहिलंय ना!”

“म्हणूनच तर उघडला. चांगलं काही असलं की तुझी आई हेच लिहिते.” त्यांनी बुश हातात घेऊन निरखला. “शिळं आहे.”

बुशला काही झालं नव्हतं. आजोबांची कवळी मात्र थोडी सरकली.

जुने बुश काढायला अकरा वाजले. लांब बोल्ट, दोन जाड वॉशर, पाइपचा एक तुकडा, आणि बाबांच्या तोंडून असे शब्द जे मी इथे लिहू शकत नाही. नवे मात्र गारेगार, सुळकन आत गेले. मग बाबांनी तो लोखंडी हात जागेवर लावला, बोल्ट घातला आणि आवळायला घेतला. मॅन्युअलमध्ये किती आवळायचं त्याचा आकडा असतो. बाबा हुंकारांत मोजतात. छोटा बोल्ट एक हुंकार, मोठा तीन.

“हं... हं...”

“बाबा, थांबा.”

“तिसरा राहिलाय.”

“तोच नको. चाकं लावून गाडी जमिनीवर टेकल्याशिवाय शेवटचं आवळायचं नाही. पान बेचाळीस.”

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या गाडीला सायकल म्हटलंय. “तुझ्या जन्माआधीपासून बोल्ट आवळतोय मी.”

मागच्या वर्षीची मी असते तर ‘बरं’ म्हणून लिंबू सरबत करायला गेले असते. पण मांडीवर केक घेऊन बसलेली आई डोळ्यांसमोर आली. मी भांडी घासायचा स्पंज आणला. एक टोक आजोबांना घट्ट धरायला लावलं आणि दुसरं पिळलं.

“आत्ता हात लोंबकळतोय. असा असताना रबर आवळून टाकलं आणि मग गाडी खाली आली, तर रबर कायम असं पिळलेलं राहणार. वर प्रत्येक खड्डा. किती दिवस टिकेल?”

“दोन महिने,” आजोबा म्हणाले.

मला एकदम सगळं कळलं. “बाबा, मागच्या वेळी तुम्ही...?”

“अगं, जमिनीवर टेकल्यावर गाडीखाली जागाच कुठे असते!”

“जागा आहे, बाबा. तुम्ही जास्त आहात.”

हे मी बोलले खरं, आणि मग स्वतःच दोन पावलं मागे सरले. तेवढ्यात आई हाताला क्रीम लागलं होतं तशीच दारात आली. “अहो, ती म्हणते तसं करा. मी गरम केकवर क्रीम लावते का?”

बाबांनी बोल्ट सैल केले. चाकं लागली, गाडी खाली आली, दोनचार वेळा दाबून हलवून बसवली, मागच्या चाकांना ठोकळे लावले. पण पान्याचा मान बाबांना स्वतःकडेच हवा होता. पाठीवर झोपून ते आत सरकले. डोकं गेलं. खांदे गेले. मग पोट आलं.

“श्वास सोडा,” मी म्हणाले.

“सोडला.”

“अजून सोडा.”

“आता संपला!”

पुढे जाईनात, मागे येईनात. मी आणि आजोबांनी एकेक पाय धरून ओढलं. आजोबा बाबांच्या निघालेल्या बुटासकट मागे जाऊन बसले. दुसऱ्या झटक्याला बाबा बाहेर आले, शर्ट मात्र काखेपर्यंत वर गेलेला आणि बेंबीत ग्रीस. त्यांनी पाना माझ्या हातात दिला.

मी सापासारखी आत गेले. दोन्ही बाजूंचे मिळून चारही मोठे बोल्ट मीच आवळले. बाबा बाहेर पालथे पडून माझ्या वतीनं हुंकार भरत होते. “हं... हं... हं! बस!”

साडेचारला निघालो. बाबा चालवायला, मधे मी, कडेला आई, तिच्या मांडीवर केक. टोकाला साखरेचा हंस. पहिला गतिरोधक गेला. तिसरा, पाचवा गेला. सातव्याला आईनं डोळे मिटले, मी बाबांचा दंड धरला. कर्कशा वर चढली, खाली उतरली.

काही नाही. ठक्क नाही, करकर नाही. हंस नुसता मान हलवून ‘हो’ म्हणाला.

हॉटेलवाली केकभोवती दोनदा फिरली, खाली वाकून एकेक मजला मोजला आणि म्हणाली, “पुढच्या शनिवारी पाचलाच या.” आई हसली आणि मग बाहेर येऊन माझ्या ग्रीसच्या शर्टात तोंड खुपसून रडली.

परत येताना कोपरा आला. बाबांनी मान उजवीकडे वळवली, पण गाडी डावीकडे घेतली. रबरवाल्याच्या दुकानासमोर थांबले. तो गिऱ्हाइकाला काहीतरी देत होता. बाबा स्टिअरिंग धरून बसले ते बसलेच.

“उतरा की,” आई म्हणाली.

“उतरलो असतो गं. पण पोट स्टिअरिंगला अडतंय.”

आई माझ्या पायांवरून वाकली, खाली हात घातला आणि सीटचा खटका ओढला. आम्ही तिघंही सर्रकन मागे गेलो.

“आता?” आईनं विचारलं.