क्रेटवरचा राघू

"डोळे मिटा सगळ्यांनी," चंदनबालाबाई म्हणाल्या. "आता सांगा, हळदीच्या पाकिटाचा रंग कुठला?"

"पिवळा!" अकराच्या अकरा पोरं एका सुरात ओरडली.

"उघडा डोळे."

बाईंच्या हातातलं पाकीट गडद निळं होतं. मधोमध एक गोल खिडकी आणि तिच्यातून दिसणारी हळद. पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागली.

"आता मला सांगा, निळं का केलं असेल?"

पोरं पाकीट निरखून बघू लागली. बाईंना घाई नव्हती. शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावरही त्या उत्तरासाठी थांबायला कंटाळत नसत. शेवटी मागून जयराज म्हणाला, "बाई, अंधारात दिवा लावल्यावानी दिसतंय."

"शाबास. हे ज्यानं केलं तो तुझ्या-माझ्यासारखाच कुणीतरी. त्यानं संध्याकाळी एखाद्या घराची खिडकी बघितली असेल."

कवठे महांकाळमधल्या त्यांच्या बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत दर शनिवारी सकाळी हा वर्ग भरायचा. फी अशी काही नव्हती. प्रत्येकानं एक रिकामं पाकीट, डबा नाहीतर काड्यापेटी आणायची आणि तिच्यात काय आवडलं ते सांगायचं. नियम एकच होता आणि तो बाईंनी भिंतीवर लिहूनच ठेवला होता. दुसऱ्याचं बघून चित्र काढलं, तर त्याखाली आपली सही करायची नाही. ज्याचं बघितलं त्याचं नाव लिहायचं.

"आन नाव म्हाईत नसलं तर?" जयराजनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"विचारायचं."

त्या शनिवारी सईनं पिशवीतून बेदाण्याचा डबा काढला. पांढऱ्या डब्यावर हिरव्या एकाच रेषेतला पोपट होता. चोचीपासून निघालेली रेषा पाठीवरून, शेपटीवरून फिरून पुन्हा चोचीला येऊन मिळत होती. डोळ्याच्या जागी अंगठ्याचा ठसा. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत सही होती, चं. मगदूम.

"बाई, ह्यो तुमचाच न्हवं? मामाच्या दुकानात बी हाय, सांगलीला. तुम्हाला कसा काय सुचला?"

बाईंनी डबा हातात घेतला. चार वर्षांत हा प्रश्न त्यांना कितीतरी जणांनी विचारला होता. सत्काराच्या वेळी विचारला होता, शाळेच्या स्नेहसंमेलनात विचारला होता. उत्तर आता पाठ झालं होतं.

"एकदा पहाटे द्राक्षबागेत गेले होते. वेलीवर एक राघू बसला होता. मला बघून उडाला, आणि उडताना त्याची अशी एकच रेषा दिसली."

"आन डोळा?"

"डोळा... तो आपला सुचला," बाई म्हणाल्या आणि डबा घाईघाईनं सईच्या हातात परत दिला.

महावीर चौगुले हा बाईंचाच विद्यार्थी. गावाबाहेर त्याचं बेदाण्याचं शेड होतं; राघूचा डबा तिथलाच. 'पोरांना घिऊन या एकदा, कसं चालतंय ते दावतो,' असं तो कधीपासून म्हणत होता. पोरांनीही हट्ट धरला. बाईंनी दोन शनिवार पुढे ढकलले. कधी ऊन फार आहे म्हणाल्या, कधी गुडघा दुखतोय. तिसऱ्या शनिवारी कारणं संपली.

एप्रिलची सकाळ होती. शेडमध्ये जाळीच्या थरांवर द्राक्षं वाळत पडली होती आणि सगळीकडे गोड, आंबूस वास भरला होता. महावीर दारातच उभा होता.

"या बाई, या! काय रं पोरांनो, ह्यो डबा बगितलाय न्हवं? आधी आमचा बेदाना ह्या असल्या द्राक्षाच्या घडाच्या डब्यात जायाचा. धा जनांचा डबा असाच. कुनी वळकत न्हवतं. बाईंनी राघू दिला आन लोक राघूचा बेदाना म्हनून मागाया लागले. डोकं हाय डोकं, बाईंचं!"

बाई जमिनीकडे बघत राहिल्या.

त्यांना चार वर्षांपूर्वीची ती दुपार आठवत होती. महावीरला लेबल हवं होतं. तीन आठवडे खपून त्यांनी द्राक्षांचा घड काढला, सूर्य काढला, टोपलीवाली बाई काढली. महावीरनं सगळं बघून मान हलवली होती. "बाई, चांगलं हाय, पन ह्ये समद्यांच्याच डब्यावर असतंय." म्हणून त्या शेड बघायला आल्या होत्या. बायका जेवायला झाडाखाली गेलेल्या. निवडलेल्या बेदाण्याची क्रेटं ओळीनं ठेवलेली, आणि एका क्रेटवर खडूनं काढलेला तो राघू. हात न उचलता काढलेला. डोळ्याला खडूच्या भुकटीत बुडवलेला अंगठा. बाई त्याच्यासमोर किती वेळ उभ्या राहिल्या कुणास ठाऊक.

बायका वीस पावलांवर बसल्या होत्या. 'हा कुणाचा?' एवढंच विचारायचं होतं. बाईंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर नाव कळलं असतं, आणि नाव कळलं असतं तर ते सांगावं लागलं असतं.

"बाई, बाई, हिकडं या!" सई ओरडत होती. "ह्या समद्या क्रेटवर लोगोच हायेत!"

पोरं शेडच्या टोकाला पोचली होती. तिथे दहा-बारा बायका बेदाण्यातली देठं निवडत बसल्या होत्या. प्रत्येकीच्या क्रेटवर खडूची खूण होती. एकीची फणी, एकीची शिडी, एकीचा विंचू, एकीची चंद्रकोर.

"लोगो-बिगो काय न्हाई गं बाय," एक म्हातारी हसून म्हणाली. "कुनी किती क्रेटं निवडली ते सांजच्याला कळाया पायजे का नको? आमाला लिवता येत न्हाई. मंग ज्येनं त्येनं आपली खून करायची. ही फनी सोनियाची. तिच्या केसात फनी शिरतच न्हाई, म्हनून!"

बायका खदाखदा हसल्या. सोनियानं तिच्या दिशेनं एक देठ भिरकावलं. "रंगुमावशे, तुला तर चार केस ऱ्हायल्यात, तू बोलू नगंस!"

"आजी, आन तुमची खूण कुठली?" जयराजनं विचारलं.

रंगुबाईनं आपलं क्रेट पुढं ओढलं. त्यावर एक उभी रेघ होती. बाकी काही नाही.

"एवढीच?"

"आदी राघू हुता," रंगुबाई म्हणाली. "माज्या आयच्या दंडावर गोंदल्याला हुता, तसाच. ती मेली तवा म्या नऊ वर्साची हुते. तिचं तोंड काय ध्येनात न्हाई, पन राघू ध्येनात हाय. म्हनून त्यो काडायची."

"मंग आता का न्हाई काढत?" जयराज म्हणाला.

"आता त्यो कंपनीचा झाला न्हवं. डब्यावर राघू आला, आन एकदा माजं अजून निवडून न झाल्यालं कच्चं क्रेट तयार मालाच्या गाडीत गेलं की! राघू बगितला, तयार माल वाटला आन हमाल पोरांनी टाकलं गाडीत. लय बोलनी बसली. मंग मुकादम म्हनला, मावशे, तू आपली रेघ मार." तिनं मान वर करून बाईंकडे बघितलं आणि चेहरा उजळला. "तुमीच न्हवं त्या राघूच्या बाई? आवं, म्या समद्यास्नी सांगती, बगा, शिकल्याल्या बाईंना बी राघूच सुचला आन मला अडान्याला बी राघूच सुचला. लय बरं वाटलं हुतं मला तवा."

रंगुबाईच्या बोलण्यात टोमणा असता तर चंदनबालाबाईंनी सोसला असता. तो नव्हता. तिला खरंच बरं वाटलं होतं.

"रंगुबाई," बाई म्हणाल्या, "या पोरांना एकदा काढून दाखवाल?"

"आता हात बसंल का वं?" असं म्हणत तिनं खडू घेतला. उभी रेघ पदरानं पुसली. चोचीपाशी खडू टेकवला आणि एका दमात पाठ, शेपूट, पोट काढून पुन्हा चोचीशी आणला. अंगठा खडूच्या भुकटीत दाबून डोळा उमटवला.

सईनं हातातला डबा क्रेटशेजारी धरला. पोरं एकदा इकडे, एकदा तिकडे बघू लागली.

"मी तुम्हाला सांगितलेली गोष्ट खोटी होती," बाई म्हणाल्या. "बागेत राघू-बिघू काही नव्हता. हा मी इथं बघितला, या क्रेटवर. आणि कुणाचा ते विचारलं नाही."

"म्हंजी, बघून काढला?" जयराज हळूच म्हणाला.

"हो."

"आन खाली सही क्येली?"

"हो."

पोरानं मान खाली घातली, जणू चूक त्यानंच केली होती. ते बाईंना सगळ्यात जास्त लागलं.

त्या महावीरकडे वळल्या. "डब्यावरचं माझं नाव काढ. तिचं घाल. आणि तिची खूण तिला परत दे."

"बाई..." महावीरनं कान खाजवला. "नाव घालतो की, पुढच्या छपाईला. तुमचा शबूद मोडनार न्हाई मी. पन क्रेटवर राघू कसा चालंल? बाजारात आता त्यो आमच्या डब्याची वळख हाय. पुन्यांदा माल गोंधळायचा. तुमीच सांगा."

खूण वेगळी का असावी, हे बाईंनीच तर त्याला शाळेत शिकवलं होतं.

"आवं, असू द्या वं," रंगुबाई मध्येच म्हणाली. ती बाईंच्या आणि पोरांच्या मध्ये अशी येऊन उभी राहिली की पोरांना बाईंचा चेहरा दिसू नये. "पोरांम्होरं कशाला डोळ्यात पानी आनताय? बगितलं, आवडलं, काडलं. जा रं पोरांनो, तिकडं बेदाना खावा जा. पर मूठभरच, न्हाईतर पोट दुकंल!"

पोरं गेली. बाहेर गाडीवाल्यानं हाळी दिली, "चला, क्रेटं आना!"

रंगुबाईनं पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवलं आणि खाली बसली. आधी शेपूट पुसलं, मग पाठ, मग पोट, मग चोच. डोळा मात्र थोडा वेळ तसाच राहू दिला. मग तोही पुसला, आणि खडूनं एक उभी रेघ मारली.