बाहेरच्या चार फाइली

नवरा घर सोडून गेला त्या आठवड्यातही ती रोज कामावर गेली. लोक म्हणाले, काय धीराची बाई. धीरबीर काही नव्हता. दात काढण्याआधी डॉक्टर हिरडीत सुई देतात आणि मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं तिचं झालं होतं. फक्त गालापुरतं नाही, सगळीकडे.

कारखाना घरचाच. रुग्णाच्या शिरेत औषध थेंबाथेंबानं सोडणारे पंप तिथे बनत. व्यवहार धाकटा दीर बघायचा. पंपाच्या आतलं कर्नल, म्हणजे यंत्र सुरू झालं की आधी जागं होऊन बाकीच्या प्रोग्रामना कामं वाटून देणारा मूळ प्रोग्राम, नवऱ्यानं लिहिलं होतं. तो दुसऱ्या शहरात दुसऱ्या बाईकडे राहायला गेला, आणि कर्नल हिच्या पदरात पडलं. सासूबाईही.

नवऱ्याचा एक हट्ट होता: कर्नलमध्ये बाहेरचं काही येता कामा नये. आपण लिहिलेलं चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर बाहेरून आणावा लागायचा, त्याला इलाज नव्हता. पण कंपायलरसोबत हेडर फाइलीही येतात. कुठल्या आकड्याला किती जागा लागते, फंक्शनला पाठवलेले आकडे एकामागून एक कसे उचलायचे, असल्या पायाच्या गोष्टी त्यांत लिहिलेल्या असतात. नवऱ्यानं त्यांना कधी हात लावला नाही, सगळ्या स्वतः लिहून काढल्या. “कंपायलर आज एकाचा, उद्या दुसऱ्याचा. परक्याच्या भरवशावर घर उभं करायचं नाही,” असं तो म्हणायचा. हे वाक्य आठवून दीर एकदा खुदकन हसला आणि तिच्याकडे लक्ष जाताच गप्प झाला. तिला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही आणि मनाला लागण्यासारखंही नाही.

घोडं अडलं ते नव्या चिपवर. जुनी मिळेनाशी झाली, नवीबरोबर नवा कंपायलर आला. पहिला पंप टेबलावर चढवला, तर पडद्यावरच्या सूचनांमध्ये औषधाच्या मात्रेच्या जागी भलताच आकडा, खाटेच्या नंबराच्या जागी त्याहून भलता. औषध बरोबर पडत होतं, सांगणं तेवढं चुकत होतं. पण नर्स बघणार ती पडद्याकडेच.

“भावजी, चूक त्यानं लिहिलेल्या हेडरमध्ये आहे,” तिनं दिराला सांगितलं. “जुन्या चिपवर फंक्शनला दिलेले आकडे मेमरीत ओळीनं मांडलेले असायचे. तेच गृहीत धरून त्यानं पुढचा, मग पुढचा असं उचलायला लिहिलं. नवा कंपायलर पहिले काही आकडे चिपच्या आतल्या कप्प्यांत ठेवतो. आपण रिकाम्या फळीवर हात फिरवतोय.”

“मग आपली फाइल दुरुस्त करा ना.”

“करता येईल. पण कुठे काय ठेवलं हे ठेवणाऱ्यालाच ठाऊक. चिप बदलली की पुन्हा तेच रडगाणं. हे हेडर कंपायलरचंच घेतलेलं बरं.”

दीर खुर्चीत मागे रेलला. “दादाला चाललं नसतं.”

“तो नाहीये,” ती म्हणाली. कपाटात कागद नाहीत असं सांगावं तशी.

“मग अर्धवट कशाला?” दीर म्हणाला. “कंपायलरच्या हेडरांचं सगळं फोल्डरच कर्नलला वापरायला मोकळं करून टाकू. रोज उठून एकेकाला परवानगी कोण देत बसणार?”

हे जास्त होतंय, हे तिला कळलं. आकड्यांची जागा आणि ते उचलायची रीत सांगणाऱ्या चार फाइली पुरेशा होत्या. पण वाद घालायचा तर तोंड उघडायला हवं, बोलायला हवं, मग तो बोलणार, मग पुन्हा आपण.

“बघा,” ती म्हणाली. दिरानं त्याचा अर्थ हो असा घेतला.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा ती जिन्यात होती. जुन्या कुणा सहकाऱ्यानं त्याला कळवलं असावं.

“माझी हेडरं काढलीस म्हणे.”

“हो.”

“आकडे उचलायचं काढलंस ते ठीकच. ते कंपायलरकडेच हवं.” तो थांबला. “पण सगळं फोल्डर मोकळं केलंय का?”

“भावजींनी.”

“ते बंद कर. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. त्यात दशांशाच्या झटपट गणिताचीही हेडरं आहेत. कुणीतरी उचलून कर्नलमध्ये घालेल. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळताना आपलं कर्नल त्या गणिताचे कप्पे सांभाळून ठेवत नाही, एकाचे आकडे दुसऱ्यात मिसळतील. ठाऊक आहे ना तुला?”

“ठाऊक आहे.”

“मग?”

“बरं.”

पलीकडे तो जरा घुटमळला. “आई कशी आहे?”

“बरी आहे.”

फोन ठेवून ती जिना चढली आणि जागेवर जाऊन बसली. फोल्डर तिनं बंद केलं नाही. त्यानं सांगितलं म्हणून मुद्दाम केलं नाही, असंही नव्हतं. रागानं माणूस काहीतरी करतो तरी. तिचा हात नुसता तिथवर गेला नाही.

पुढे काही आठवड्यांनी व्हायचं ते झालं. थेंबांचा वेग सांभाळणारा इंजिनिअर होता, सगळे त्याला गणित्या म्हणत. प्रवाह एकसारखा यावा म्हणून तो कर्नलमध्ये नवं सूत्र घालत होता. दशांशाचं हेडर समोर आयतं दिसलं, त्यानं वापरलं. टेबलावर पंप छान थेंब सोडत होता, आणि मधेच त्यानं एकदम धार सोडली. मग पुन्हा थेंब, जसं काही झालंच नाही.

थेंब झेलायला ठेवलेल्या बरणीतल्या पाण्याकडे ती बघत राहिली. बरणीच्या जागी कुणाचा हात असता. पोटात खड्डा पडायला हवा होता, पण पडला नाही. हे मात्र तिला भीतिदायक वाटलं, किंवा भीतिदायक आहे हे निदान समजलं.

“कंपायलरनं मला हटकलंच नाही हो,” गणित्या म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

“तो कशाला हटकेल? आपण कर्नल लिहितोय हे त्याला सांगितलंय कुणी? चूक तुमची नाही.”

ती दिराच्या खोलीत गेली. “भावजी, हे होणार हे मला माहीत होतं. तुमच्या दादानंही फोन करून सांगितलं होतं. मी बंद केलं नाही.”

“का?”

“सांगता येत नाही.”

दिरानं हातातली पेन्सिल खाली ठेवली. “नव्या चिपचे पंप बाहेर गेलेत?”

“एकही नाही.”

“वहिनी, थोडी रजा घ्या.”

“आधी हे निस्तरते.”

तिनं फोल्डरची वाट बंद केली आणि चार फाइलींपुरतीच मोकळी ठेवली. पाचवी कुणी मागितली तर काम तिथेच अडेल अशी सोय केली. कर्नलच्या हद्दीत दशांशाच्या कप्प्यांना हात लावायचा नाही, हेही कंपायलरला बजावलं. गणित्यानं सूत्र पूर्णांकात बसवलं. पंप दिवसभर टेबलावर चालला, थेंब एका लयीत पडत राहिले.

घरी सासूबाई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. मुलगा गेल्यापासून त्याचं नाव त्यांनी काढलं नव्हतं.

“आई, त्याचा फोन आला होता मागे,” ती म्हणाली. “कामाचं सांगत होता. बरोबर सांगितलं त्यानं.”

“कामात तो कधी चुकला नाही.” त्यांनी एक घडी मोडली, पुन्हा घातली. “माझं विचारलं?”

“हो.”

“काय सांगितलंस?”

“बरी आहे म्हटलं.”

“मी बरी नाहीये गं.”

“माहीत आहे, आई.”

ती शेजारी बसली आणि ढिगातला एक टॉवेल घेऊन घडी घालू लागली. दोघींनी मिळून ढीग संपवला.

सकाळी तिनं रजा टाकली आणि जवळजवळ दिवसभर झोपली. उठली तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या.

“काही खातेस का?”

नेहमीसारखं नको म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की भूक लागली आहे. चांगली सडकून लागली आहे.

“वाढा,” ती म्हणाली.