प्रफुलवर

आमच्या गावात बायका बोरिंगवर पाण्याला जात नाहीत. प्रफुलवर जातात. प्रफुलवर गर्दी हाये, प्रफुल आज जड चालून राह्यला, प्रफुलच्या ओट्यावर कोणाची घागर राहिली, असं दिवसभर चालू असतं. नवीन लग्न होऊन आलेल्या सुना पहिल्यांदा दचकतात. मग त्याही पाण्याचं गुंड डोक्यावर उचलताना सासूला सांगून निघतात, प्रफुलवर जाऊन येतो म्हणून.

प्रफुल नीलाबाईचा मुलगा. एकटाच. तेंदूपत्त्याच्या दिवसांत त्याला वाघानं नेलं. वनखात्याकडून पैसे आले तेव्हा नीलाबाई म्हणाली, हे मी खाऊ कसे? तिनं घरासमोर बोअर मारून हातपंप बसवला, अख्ख्या गावासाठी. ओट्याचं सिमेंट ओलं असतानाच गवंड्याकडून त्यात मुलाचं नाव कोरून घेतलं. माझी मयुरी तेव्हा रांगत होती. गाव नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी प्यायचं आणि दर पावसाळ्यात घरोघरी हगवण लागायची. प्रफुल आला आणि हगवण गेली. जिवंतपणी ज्याला दोन बैल वळवता येत नव्हते, तो आता सगळं गाव सांभाळून राह्यला, असं मी एकदा नीलाबाईला म्हटलं होतं. ती हसली होती.

पुढे नळयोजना आली, टाकी झाली, दारात तोट्या आल्या. त्या पाण्याला पावडरचा वास. त्यानं आम्ही धुणीभांडी केली आणि प्यायला प्रफुलचंच आणलं. ते गोड लागायचं.

मागच्या वर्षी ग्रामपंचायतीनं पाच बायकांना पाणी तपासायला शिकवलं. त्यात मी होते, कारण त्या दिवशी मी रिकामी होते. एक निळी पेटी मिळाली, त्यात काचेच्या नळ्या आणि औषधाच्या बाटल्या. नियम असा सांगितला, की गाव जिथून पाणी पितं ती प्रत्येक जागा तपासायची, मग ती सरकारी असो की कोणाच्या घरची. टाकी, विहीर, शाळेचा पंप यांचं पाणी आधीपासून तपासणीला जातच होतं. प्रफुल खासगी. त्याला कोणी कधी विचारलंच नव्हतं.

नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पाणी चांगलं असलं तर रंग गुलाबी राहतो. टाकीचं गुलाबी राहिलं, शाळेचं राहिलं. प्रफुलचं पिवळं पडलं. मी नळी धुऊन पुन्हा केलं. पुन्हा पिवळं.

मग बाटलीवर प्रफुल लिहून ती सिंदेवाहीला पाठवली. तिथल्या प्रयोगशाळेतल्या मुलीचा फोन आला, की काकू, बाटलीवर नमुना देणाऱ्याचं नाव लिहू नका, पाण्याचं लिहा. मी म्हटलं, पाण्याचंच लिहिलं आहे. ती बरं म्हणाली.

फ्लोराईड निघालं. हद्द लिटरमागे दीड मिलिग्रॅमची, प्रफुल तीनच्या वर. ग्रामसेवक साहेबांनी सभेत समजावून सांगितलं, की हे जमिनीतल्या दगडातून येतं, यात कोणाची चूक नाही. उकळून जात नाही, पावडर टाकून जात नाही. लहान मुलांचे दात तपकिरी पडतात, मोठ्यांची हाडं ताठरतात. मी मयुरीकडे पाहिलं. तिनं तोंड मिटून घेतलं. इतकी वर्षं तिच्या दातांसाठी आम्ही राखुंडीला दोष देत होतो. नीलाबाईची मान वळत नाही. मागून हाक मारली तर ती सगळीच्या सगळी वळते, बैलगाडी वळावी तशी. ते दुःखानं झालं असं ती म्हणायची, आणि आम्हीही तसंच धरून चाललो होतो.

मला रडू वगैरे आलं नाही. घरी आले, तांदूळ धुतले, टाकीच्या पाण्यात भात लावला.

दुसऱ्या दिवसापासून गावाचं बोलणं फिरलं. प्रफुल खराब निघाला. प्रफुलनं पोरायचे दात खाल्ले. प्रफुलपासून लेकरं दूर ठेवा. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. त्या पंपाचं नावच ते, दुसरं काय म्हणणार? पण नीलाबाईची खाट दारातच असते.

पंचायतीचा शिपाई इसरू लाल रंगाचा डबा घेऊन आला तेव्हा मला सोबत जावं लागलं. नियमानं पंप लाल करायचा आणि वर सूचना लिहायची. पंप लाल झाला. लिहायला त्यावर जागा नव्हती, म्हणून इसरूनं ओट्यावर लिहिलं, बरोबर नावाच्या खाली. आता ओटा असा वाचता येत होता: कै. प्रफुल याचे स्मरणार्थ. पाणी पिण्यास अयोग्य.

नीलाबाई काठी टेकत आली. वरची अक्षरं ती बोटानं ओळखते, खालची तिला नवीन.

"काय लिवलं त्यानं, मयुरीची माय?"

मी होतं तसं वाचून दाखवलं. इसरू ब्रश पुसत बसला.

"पाण्याले म्हनलं ना? त्याले नाई?"

"पाण्याले, बाई."

"मंग लोकं त्याले काऊन म्हनून राह्यले?"

इसरू खालीच पाहून बोलला, "सवय हाये लोकायले, बाई. आता लाल केला न, जाईन सवय."

"तेच त भेव हाये." नीलाबाई सगळी त्याच्याकडे वळली. "आज शिव्या देतेत, पन नाव त घेतेत. उद्या लाल म्हनतीन. मंग त्याचं नाव कोन घेईन, मी एकटी?"

इसरूनं डब्याचं झाकण लावलं.

आणि झालं तसंच. पोरांनी सुरुवात केली, लालवर जाऊ नको, लालजवळ खेळू नको. मग बायकाही लाल म्हणू लागल्या. मी रोज टाकीचं एक गुंड नीलाबाईकडे नेऊन ठेवत होते. ती ठेव म्हणायची. संध्याकाळी ते कोंबड्यांच्या घमेल्यात ओतलेलं दिसायचं, आणि तिच्या माठाशेजारी प्रफुलची भरलेली घागर. वाकता येत नाही, तरी पंप मारून ती भरायची. मी समजावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

सभेत साहेब एक गोष्ट बोलले होते ती मला भाजी चिरताना आठवली. धुण्याला हे पाणी चालतं. लाल रंग फक्त पिण्यापुरता.

सकाळी मी कपड्यांचं गाठोडं बांधलं. आमच्या दारात तोटी आहे, तिला पाणीही होतं. मयुरीनं विचारलं, "कुठी चालली, माय?"

"प्रफुलवर," मी म्हटलं, गल्लीला ऐकू जाईल असं. वाटेत शेजारच्या सोमारीलाही सांगितलं. ती म्हणाली, थांब, माह्याही चादरी हायेत.

नीलाबाई खाटेवर होती. मी पहाटे आणून ठेवलेलं टाकीचं गुंड जागेवरच, झाकलेलं.

"कुठी वं?"

"प्रफुलवर धुवाले आलो, बाई. तुही लुगडी दे."

तिनं लुगडी आणून दिली. मग गुंडावरचं झाकण काढलं, पेलाभर पाणी घेतलं आणि पिऊन तोंड वाकडं केलं.

"पावडरचा वास येते."

"येते," मी म्हटलं, आणि लाल दांडा धरून खाली दाबला. "प्रफुल आज जड चालून राह्यला."

"तेल द्या लागते त्याले," नीलाबाई म्हणाली.