जयूचं केळवण

‘शिप्रेच्या पल्याड गं, दिवा कुणाचा जळतो,
पाय घाटाशी वळतो...’

आणि इथेच दुर्गाआत्याचा आवाज थांबायचा. जात्याची घरघर तेवढी चालू राहायची. लहानगी माणिक आत्याच्या मांडीला डोकं टेकून पडलेली असायची. नाकात कोमट पिठाचा वास, गालाला आत्याच्या लाल अलवणाचा खरबरीत पदर. “पुढं काय गं, आत्या?” ती विचारायची. “पुढचं जात्यात पडलं,” म्हणत आत्या आणखी एक मूठ गहू सोडायची आणि दुसरीच ओवी धरायची.

ते जातं आता परसात तुळशीमागे पडलेलं होतं आणि पीठ चक्कीवरून येत होतं. माणिकनं चाळिशी ओलांडली होती. मुलींच्या मराठी शाळेत ती शिकवायची आणि जाणत्या वयाच्या मुलींसाठी गोष्टी लिहायची. कोवळ्या विधवांच्या, शाळेतून काढलेल्या पोरींच्या, हुंड्यापायी अडलेल्यांच्या. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या घरांतूनही तिची पुस्तकं वाचली जात. तिच्या प्रत्येक गोष्टीत दार अडवून उभा राहणारा एक बाप असे, आणि तो तिच्याच वडिलांसारखा दिसे. आत्याला वैधव्य आलं, तेव्हा नदीपलीकडची एक मास्तरीणबाई तिला पुण्याच्या आश्रमात शिकायला नेणार होती आणि वडिलांनी जाऊ दिलं नाही, हे अवघ्या गल्लीला ठाऊक होतं. वडील वारले तरी माणिकनं त्यांना माफ केलं नव्हतं.

आज पाटाभोवती रांगोळी घालताना आत्याचा तो तुटलेला आवाज पुन्हा कानाशी आला होता.

आज जयूचं केळवण होतं. लग्नाआधी नवरीला शेजारीपाजारी बोलावून गोडधोड जेवू घालतात, तसंच हेही. फक्त हे केळवण एका थापेतून निघालं होतं.

झालं होतं असं. दिवाळीनंतरच्या एका सकाळी, दूधवाला यायच्या वेळेला, कडी वाजली. माणिकनं दार उघडलं तर दारात जयू. माणिकच्याच वर्गातली, कपाळावर बटा आलेली, कायम पहिल्या रांगेत बसणारी. हातात शाळेची पिशवी, पिशवीत दोन परकर, फणी आणि माणिकचं ‘शेवंतीने दार उघडलं’.

“बाई, मी आले,” ती म्हणाली. कुणी बोलावल्यासारखं.

त्या पुस्तकातल्या शेवंतीला बिजवराला द्यायचं ठरतं आणि लग्नाच्या सकाळी ती कडी काढून बाहेर पडते. ‘बाहेर उजाडलं होतं,’ या वाक्यावर पुस्तक संपतं. माणिकची रीतच तशी होती. आधी ती शेवटचं वाक्य लिही आणि मग त्याच्याकडे जाणारी वाट शोधत बसे. एकेक प्रकरण झालं की वर्गात वाचून दाखवी आणि मुली जिथे चुळबुळ करत तिथे काट मारी. शेवंतीच्या शेवटच्या वाक्याला वर्गानं टाळ्या वाजवल्या होत्या. एकट्या जयूनं वाजवल्या नव्हत्या. तिला काहीतरी विचारायचं असावं, असं माणिकला तेव्हा वाटून गेलं होतं, पण घंटा झाली होती.

“माणके, हे पुस्तक नाही,” श्रीधर दबक्या आवाजात म्हणाला. तो धाकटा भाऊ, पण घर त्याच्या पगारावर चालायचं. “हिचे वडील भय्यासाहेब माझ्या दफ्तरातले बडे बाबू आहेत. मुलगी पळवली म्हणून बोंब झाली तर मी तोंड कुठं दाखवू?”

सुलभावहिनींनी तोवर जयूच्या हातात चहाचा पेला दिला होता. “तुम्ही जरा चूप बसा बरं,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “केळवणाचा दिवस विचारायला आली होती म्हणून सांगू. पोरीचं नाव खराब व्हायला नको.”

श्रीधर जयूला पोचवायला निघाला. ती रडली नाही. उंबऱ्यावरून तिनं एकदा मागे वळून पाहिलं आणि माणिकनं उगाचच आपला पदर सारखा केला.

दुपारी माणिक भय्यासाहेबांकडे गेली. जयूचे वडील ट्रंकांच्या ढिगाऱ्यात उभे होते.

“या माणिकताई, जागा दिसेल तिथं बसून घ्या. परवापर्यंत दफ्तरावर मध्य भारत होतं. नवं राज्य झालं, पाटी बदलली, आणि तिच्यासोबत आमचं बिस्तरही गुंडाळलं. भोपाळला तबादला!”

“जयूला मॅट्रिक तरी होऊ द्या, भय्यासाहेब.”

“कुठून होऊ देऊ? तिथं मराठी शाळा दाखवा, आत्ता लग्न मोडतो. आणि त्या परक्या गावात आपल्यातलं स्थळ मी कुठं हुडकू? बीना गावचे आहेत, रेल्वेत आहेत. बिजवर आहेत, कबूल. दोन मुलं आहेत, तेही कबूल. पण माणूस पीत नाही, हात उचलत नाही.”

“पंधरा वर्षांची आहे हो ती.”

“नवा कायदाही पंधराच मागतो, ताई.” ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. “तुमचं पुस्तक मीच आणलं तिला. मीही वाचलं. रडलो, झूठ कशाला बोलू? पण बाप काय करणार ते पुस्तकात नाही. तुम्ही ठेवून घेता का हिला, मॅट्रिकपर्यंत? बोला. आत्ता सोडतो.”

माणिकनं बोलायला तोंड उघडलं. डोळ्यांपुढे श्रीधरचा चेहरा आला. माजघरातला आपला कोपरा आला, त्यात एक ट्रंक आणि एक उतरतं मेज. मराठी वर्ग आता फार दिवस चालणार नाहीत, ही शाळेतली कुजबुज आली.

“विचारून सांगते,” ती म्हणाली.

“हं,” भय्यासाहेब हळूच म्हणाले आणि दोरीची गाठ आवळू लागले.

रात्री जेवताना माणिकनं श्रीधरला विचारलं. तो म्हणाला, “आज ही आली. उद्या दुसरी येईल. तुझी पुस्तकं काय थोड्या पोरी वाचतात? सगळ्यांना ठेवायचं का?”

आणि आज केळवण. पाटावर जयू, शेजारी तिची आई, समोर शेजारच्या मंगलाकाकू. पुरणपोळी, ताज्या मटारची उसळ, कुरडया. स्वयंपाक दुर्गाआत्याचा. ती मात्र नवरीपुढे यायची नाही. कुणी मना केलं नव्हतं, पण वर्षानुवर्षांचं ते ठरलेलंच होतं. दाराआडून तिचा बांगडीविना हात तेवढा यायचा, पोळीचं ताट सरकवायचा आणि आत जायचा.

“घे गं, लाजते काय?” मंगलाकाकू म्हणाल्या. “बिजवर म्हणून तोंड नको पाडूस. पहिलीनं नवऱ्याला वळण लावून ठेवलंय, तुला आयता मिळाला की!”

बायका हसल्या. जयूची आई सगळ्यांत शेवटी हसली.

वहिनींनी ओटी भरून भैरवगडच्या छाप्याचं लुगडं जयूच्या मांडीवर ठेवलं. कोऱ्या रंगाचा उग्र वास पसरला. जयू काठावरून बोट फिरवत राहिली आणि रंग तिच्या बोटांना लागत राहिला.

“पहिल्या धुण्यात जाईल तो,” वहिनी म्हणाल्या. “मग पक्का.”

विडे घ्यायला बायका ओसरीवर गेल्या. जयूच्या पानावरची पोळी तशीच होती. माणिक तिच्याजवळ बसली.

“दोन घास तरी खा, बाळा.”

“बाई, एक विचारू?”

“विचार ना.”

“शेवंती दार उघडते. मग कुठं जाते?”

माणिकचा हात तूप वाढता वाढता थांबला.

“मी खूप शोधलं,” जयू म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, अडलेलं गणित विचारावं तसं ती विचारत होती. “शेवटच्या पानाच्या मागं पण पाहिलं. काही नव्हतं. मग वाटलं, तुमच्याकडेच गेली असेल. म्हणून मी आले होते.”

ओसरीवर मंगलाकाकू कशालातरी खदखदून हसत होत्या. तुपाची वाटी माणिकनं खाली ठेवली, पुन्हा उचलली.

स्वयंपाकघराच्या दारात सावली हलली. दुर्गाआत्या उंबरा ओलांडून बाहेर आली. विटलेलं अलवण, हातांना कणीक. ती सरळ नवरीपुढे आली आणि एक हात जमिनीला टेकत जात्याशी बसावं तशी बसली.

“माणके,” ती म्हणाली, “तुझ्या बापानं मला अडवलं नव्हतं.”

माणिकनं हातातली वाटी खाली ठेवली.

“तोच मला पहाटे घाटावर घेऊन गेला होता. माझं गाठोडं त्याच्या खांद्यावर. पल्याड मास्तरीणबाई दिवा घेऊन उभी. नाववाला म्हणाला, ‘चलो बाई, बैठो.’ आणि मी पायरीवरच बसले. पल्याड गेल्यावर पुढं काय, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं गं. पाय उचलेना. तुझा बाप किती वेळ ‘दुर्गे, ऊठ’ म्हणत होता. मग उजाडलं. आम्ही घरी आलो. लोक त्याला बोलले, तू पुस्तकांतून बोललीस. त्यानं सगळं ऐकून घेतलं, माझं नाव कधी येऊ दिलं नाही. आणि मी पण गप्प राहिले.”

बाहेरून जयूच्या आईनं हाक मारली, “आटप गं जयू, उशीर होतो.”

आत्यानं पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि रंग लागलेल्या त्या बोटांत ठेवला. मग माणिककडे पाहत तिनं ओवीचं जात्यात पडलेलं चरण सांगितलं. गाऊन नाही, नुसतं सांगितलं.

“नाव गेली रिकामी.”