घरी भात भेटत नाही

प्रेमलालचं वजन दीड वर्षात चौदा किलो उतरलं, आणि लालबर्रात बदनामी झाली ती त्याच्या बायकोची.

याला कारण प्रेमलालचंच तोंड. रस्त्यावर त्याचं खत-बियाण्यांचं दुकान, शेजारी पानठेला. तिथं कोणी विचारलं, "काहून वाळून राह्यला गा?" की हा हसून सांगायचा, "का करू, घरी भात भेटत नाही." लोकही हसायचे, आणि हसत हसत ते घरी जाऊन बायकांना सांगायचे. बायका मात्र हसायच्या नाहीत. धानाच्या मुलखात नवऱ्याला पोटभर भात न घालणारी बाई म्हणजे काय चीज असते, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

खरी गोष्ट अशी की प्रेमलालला शुगर निघाली होती. वजन उतरवा, भात कमी करा, रोज चाला, जमलं तर गोळ्याही सुटतील, असं बालाघाटच्या डॉक्टरनं सांगितलं. प्रेमलालनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. त्याच्या बायकोनं, विमलाबाईनं, ते पदराला गाठ मारून घरी आणलं. ताटात डोंगर रचून जेवणाऱ्या माणसाला ती एक वाटी भात मोजून वाढू लागली; तोही आधी भाजी संपवली तर. पहिले पंधरा दिवस प्रेमलाल तिच्याशी बोलला नाही. पहाटे ती त्याला उठवून सिवनी रोडनं राईस मिलपर्यंत नेई. ती पुढं, तो मागं, कुरकुरत. लग्नाच्या पंगतीत ती बायकांत बसूनही त्याच्या ताटावर नजर ठेवी. डॉक्टर एकेक गोळी कमी करत गेले आणि उन्हाळा सरता सरता शेवटचीही सुटली.

दिवाळीआधी पुन्हा रक्त तपासलं. तीन-चार महिने बिनगोळीचे गेले होते आणि शुगर हद्दीत होती. "गई नहीं है," डॉक्टर म्हणाले, "दबी है. फिर भात पे टूटोगे, तो फिर उठेगी." प्रेमलालनं त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं आणि बाहेर येताच पेढे घ्यायची भाषा केली. विमलाबाईनं नुसतं पाहिलं. तो गाडी सुरू करायला गेला.

पण हे सांगायचं कोणाला? शुगरचं नाव घराबाहेर काढायचं नाही, अशी प्रेमलालची ताकीद होती. किरनापूरला त्याची थोरली बहीण, रेवंताबाई. तिचा नवरा शुगरनंच गेलेला. आधी पाय कापला, वर्षाच्या आत माणूसही गेला. "बाईले समजलं तं बाई अन्न सोडून देईल," तो म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण चारचौघांत बिमार म्हणवून घेण्यापेक्षा बायकोच्या धाकातला म्हणवून घेणं त्याला सोपं जात होतं, हेही तितकंच खरं. विमलाबाईला ते कळत होतं. दीड वर्ष ती तोंड शिवून बसली, आणि तिला त्याचा राग होता.

नवं धान घरात आलं की रेवंताबाई भावाला जेवायला बोलवी. गेल्या वर्षी त्यानं टाळलं होतं; यंदा दोघं किरनापूरला गेले. रेवंताबाईनं भावाला पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"का झालं रे तुले? गळ्याची हाडं दिसून राह्यली."

"का करू बाई," प्रेमलाल सवयीनं बोलून गेला, "घरी भात भेटत नाही."

या घरात कोणी हसलं नाही. रेवंताबाई भावजयीकडे वळली. "मले इथं बसून सारं आयकू येते, विमला. मी म्हणो, लोकाइचं तोंड हाये, बोलतेत. कोठीत धान भरून ठेवतं अन् माह्या भावाले उपाशी मारतं?"

वाढायला आलेली रेवंताबाईची सून, मयुरी, हातात भाताचं गंज घेऊन तशीच उभी राहिली. विमलाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. आता तरी हा बोलेल, असं तिला वाटलं. त्यानं पाण्याचा गिलास तोंडाला लावला.

तिथं तिचं डोकं फिरलं. तिनं उठून मयुरीच्या हातातलं गंज घेतलं आणि नवऱ्याच्या ताटात भात घातला. एक डाव, दुसरा, तिसरा, चौथा. नव्या चिन्नोर तांदळाचा वास खोलीभर झाला.

"खा," ती म्हणाली. "बाईच्या समोर खा. मंग कोणी काही म्हणनार नाही."

एका जेवणानं माणूस मरत नाही, हे तिलाही कळत होतं. पण तो आता जेवला असता, तर गाव खरं ठरलं असतं. हातातला डाव तिनं खाली ठेवला नाही.

प्रेमलालनं भाताला हात लावला नाही.

"बाई," तो म्हणाला, "मले शुगर होती."

"हाये," विमलाबाई म्हणाली. "दबून हाये."

"हौ. हाये. गोळ्या सुटल्या. हिनं सोडवल्या, मी तं रोज भांडतच होतो. तुले भाऊजीची आठवण येईल म्हणून सांगतलं नाही. अन् लोकाइले सांगाची लाज वाटे."

रेवंताबाई रडली नाही. ती भावाच्या पायांकडे बघत बसली, आधी एका, मग दुसऱ्या. मग तिनं ताट आपल्याकडे ओढलं आणि भात हातानं परत गंजात टाकायला लागली. ओंजळभर उरला तेव्हा तिचा हात थांबला. तिनं भावाला काही विचारलं नाही. ताट विमलाबाईपुढं धरलं.

"एवढा चालते का?"

विमलाबाईनं ताट नीट पाहिलं.

"अजून थोडा काढा, बाई," ती म्हणाली.