आडनाव छापायचं नाही!

बाबांची अट ऐकली आणि मुलीच्या हातातली कात्री जागच्या जागी थांबली. लग्नाला त्यांची हरकत नव्हती म्हणे! फक्त पत्रिकेत नवऱ्यामुलाचं आडनाव छापायचं नाही आणि कुणी खोदून विचारलंच, तर आपल्याच जातीधर्माचा आहे म्हणून ठोकून द्यायचं.

घराच्या पुढच्या खोलीतच बाबांचं शिवणकामाचं दुकान होतं. मुलगी कापड बेतायची, बाबांची थोरली बहीण काज-बटणं करायची. समोर स्टुलावर अवघडून बसलेला लिफ्ट-मेकॅनिक दुसऱ्या धर्माचा, दुसऱ्या भाषेचा. यांची भाषा तो मुलीसाठी, अडखळत का होईना, शिकला होता.

"आडनाव लपवणार नाही," मुलगी म्हणाली. "मी काय चोरीचा माल घरात आणतेय?"

"आमच्यात असलं चालत नाही!" बाबा कडाडले.

तो बिचारा घाईघाईने म्हणाला, "रागावू नका. आपल्या आईचे गुडघे दुखतात, नाहीतर तीच बोलायला आली असती."

"आपल्या?" बाबा खो खो हसले. "अरे, माझी आई जाऊन जमाना झाला! 'आमच्या आईचे' म्हणायचं. दोन शब्द धड येत नाहीत आणि निघाला जावई व्हायला!"

त्याची मान खाली गेली. मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आत्याच आधी बोलली.

"हसतोस काय रे? 'आपल्या' म्हटलं की समोरचाही त्यात येतो, 'आमच्या' म्हटलं की तो बाहेर! या पोराने चुकून का होईना, तुला आत घेतलं. आणि तू? जन्मभर 'आमच्यात, आमच्यात'! त्याचं व्याकरण चुकलं, तुझी माणुसकी चुकतेय!"

"पण अक्का, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत!" मुलगी उसळली. "पत्रिकेत दोघांची पूर्ण नावं येतील, नाहीतर पत्रिकाच निघणार नाही. तुम्ही आलात तर मला आनंद होईल, बाबा. नाही आलात तर रडेन. पण लग्न करणारच!"

बाबांनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं. मग त्या तरुणाकडे न बघताच म्हणाले, "रविवारी मीच येतो तुमच्या आईंना भेटायला. आणि ते आडनाव कसं लिहायचं, नीट सांगा. छापताना चुकायला नको."

मंडळी, लपवून ठेवण्याच्या अटीवर दिलेला होकार म्हणजे गोड शब्दांतला नकारच! मुलांनो, तो स्वीकारू नका. आणि आईबापहो, तो देऊ नका!