पंख्याला एकोणीस गुण

शाळेच्या ग्रंथपालांच्या खणात नऊ वर्षांपूर्वीचं एक पत्र होतं. एका जुन्या विद्यार्थिनीचं. ती सातवीत होती तेव्हा ते ग्रंथपाल नव्हते, भाषा शिकवायचे. पत्रात चारच ओळी होत्या : ‘सर, या निबंधाला तुम्ही मला वीसपैकी सात गुण दिले होते. रागावून विचारत नाही. पण तुम्ही तो वाचला होता का? खरं काय ते कळवा.’ सोबत निबंधाची दोन पिवळी पानं. सरांनी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर त्यांना ठाऊक होतं. दर वर्षी खण आवरताना ते पत्र वर काढायचे, चष्मा पुसायचे आणि पत्र पुन्हा तळाशी सरकवायचे. पानांची घडी त्यांनी मोडलीही नव्हती.

निवृत्तीनंतर शाळेनं त्यांना ग्रंथालयात ठेवून घेतलं होतं. मुलं मागून त्यांना ‘वाळवी सर’ म्हणत. नाव चपखल आहे, असं त्यांनाही वाटे.

त्या महिन्यात मात्र पुस्तकांना कुत्रं विचारत नव्हतं. सगळी शाळा शिक्षकांच्या खोलीच्या दारात लोटली होती. आत टेबलावर बुटांच्या खोक्याएवढी पांढरी पेटी होती, तिला निळा दिवा होता आणि नाव होतं ‘विद्यादृष्टी’. मुलाचा हजेरी क्रमांक दाबायचा, निबंध फटीत सरकवायचा. टिंग! पडद्यावर गुण आणि खाली शेरा. साठ निबंधांचा गठ्ठा चहा निवायच्या आत तपासून मोकळा. शिपाई दर तासाला पेटी पुसत होता आणि पुसताना श्वास रोखून धरत होता.

पेटी आणणारा सूटवाला दिवसातून तीनदा प्रवचन द्यायचा. “ताई, दादा, हे यंत्र अक्षर वाचत नाही! अक्षर कुणीही वाचेल. हे अक्षरामागचा जीव वाचतं. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ती हीच. फक्त एक पथ्य. सुरुवातीला गेल्या वर्षीच्या गुणांची यादी यंत्राला द्यायची. ओळख पटावी लागते हो, ओळख!”

“माझ्या बायकोच्या मनातलं वाचेल का?” व्यायामाच्या सरांनी विचारलं.

“सर, ती पुढची आवृत्ती.”

सगळे हसले, आणि हसता हसता विश्वास पक्का झाला. शिवाय गुण बरोबर येत होते. हुशार मुलाला अठरा, मधल्याला बारा, ढ मुलाला पाच. “मी तपासले असते तर मीही एवढेच दिले असते,” असं जो तो शिक्षक म्हणे. यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

ग्रंथपालांना संशय आला तो एका मुलीमुळे. शाळेच्या गाडीच्या चालकाची ही मुलगी सातवीत होती. रोज मधल्या सुट्टीत ती ग्रंथालयात येऊन बसायची. तिसरं कपाट तिनं संपवलं होतं, चौथ्याचा वरचा कप्पा चालू होता. त्या दिवशी ती पुस्तक न मागता नुसती उभी राहिली.

“काय गं?”

तिनं पडद्यावरचं उतरवून घेतलेली चिठ्ठी पुढे केली. गुण पाच. शेरा : ‘वाचनाची आवड नाही. पुस्तकांशी मैत्री करावी.’

सरांनी शेरा वाचला, कपाटाकडे पाहिलं, परत शेरा वाचला. “पुस्तकांशी तुझं भांडण कधी झालं?”

ती हसली नाही. “सर, शनिवारी यादी लागणार. खालच्या पंधरा जणांची वेगळी तुकडी करणार आहेत. तिला प्रयोगशाळा नाही आणि ग्रंथालयाचा तासही नाही. बाबा म्हणतात, यंत्र कशाला खोटं बोलेल?”

गेल्या वर्षी परीक्षेच्या वेळी ही पोरगी दीड महिना टायफॉइडनं अंथरुणाला खिळली होती, आणि कशीबशी पास झाली होती. सरांना ते आठवलं. पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की ते मागे सरत. आणि आपण कोण मोठे लागून गेलो यंत्राला नावं ठेवणारे?

त्यांना एकच गोष्ट जमत होती : नोंदी करणं. ग्रंथालयाच्या कार्डांवर त्यांनी यंत्राचा एकेक शेरा उतरवून घ्यायला सुरुवात केली. एका शेऱ्याला एक कार्ड, खाली मुलांचे क्रमांक. दोन दिवसांत दोनशे चाळीस निबंध झाले, आणि कार्डं भरली फक्त बारा.

तरी धीर होईना. शुक्रवारी दुपारी कार्डं खणात ठेवताना हात पत्राला लागला, आणि का कोण जाणे, त्यांनी ती पिवळी पानं उघडली. निबंध होता मामाच्या सायकलच्या दुकानावर. ‘गिऱ्हाईक म्हणतं ट्यूब नवी आहे. मामा हो म्हणतो, आणि तरी ती पाण्यात धरतो. मामा म्हणतो, आपण कुणाला खोटं ठरवायचं नाही. बुडबुडा काय ते सांगतो.’

सरांनी ते वाक्य तीनदा वाचलं. सात गुण! मग त्यांनी कोरा कागद ओढला आणि सुवाच्य अक्षरात एक ‘निबंध’ लिहून काढला.

शनिवारी सभागृह पालकांनी फुलून गेलं होतं. सूटवाल्यानं पेटी व्यासपीठावर मांडली. “शंका आहे कुणाला? या! कुणाचाही निबंध आणा! सूर्याला काजव्याची भीती नसते!”

सगळ्यात मागच्या रांगेतून एक काजवा उठला. “माझ्याकडे आहे एक. क्रमांक चौदा.”

चौदा म्हणजे वर्गात पहिला येणारा, डॉक्टरांचा मुलगा. टिंग! पडद्यावर झळकलं : ‘एकोणीस. भाषेवर प्रभुत्व. भावना ओथंबून वाहते.’ टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टर उभे राहून मान लववू लागले.

“वाचून दाखवू का?” ग्रंथपाल पुटपुटले.

“वाचा की! जगाला कळू द्या!” सूटवाला म्हणाला.

सरांनी चष्मा सारखा केला. “‘पंखा लावण्यापूर्वी पाती घट्ट बसली आहेत याची खात्री करावी. पंखा पुसताना बटण बंद ठेवावे. पात्यांना ओल्या हाताने स्पर्श करू नये.’”

क्षणभर कुणाला काही उमगेना. मग व्यायामाचे सर खो खो हसत सुटले, आणि त्यांच्या मागोमाग सगळं सभागृह. डॉक्टर हळूच खाली बसले.

“यात हसण्यासारखं काय?” सूटवाला घाम पुसत म्हणाला. “ओला हात म्हणजे अश्रू! गर्भितार्थ बघा! यंत्रानं गर्भितार्थ पकडला!”

“असेल,” सर नम्रपणे म्हणाले. “मग हाच कागद पुन्हा घाला. क्रमांक एकतीस.” हा चालकाच्या मुलीचा क्रमांक.

“एकदा तपासलेला कागद पुन्हा घालत नाहीत.”

“का? पंख्याला गरगरतं?”

हे आपणच बोललो यावर सरांचा विश्वास बसेना. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, उठल्या आणि त्यांनी स्वतः क्रमांक दाबला. टिंग! ‘पाच. वाचनाची आवड नाही. पुस्तकांशी मैत्री करावी.’

“पंखा तोच, पाती तीच,” सर म्हणाले. “चौदा गुण कुठे उडाले?”

संगणकाच्या सरांनी एव्हाना पेटीची तार आपल्या संगणकाला जोडली होती. सूटवाला “अहो, हात लावू नका, शक्ती बिघडेल!” म्हणत राहिला आणि म्हणता म्हणता दाराकडे सरकत राहिला. दारात व्यायामाचे सर उभे होते.

“आत बुद्धी बिद्धी काही नाही,” संगणकाचे सर म्हणाले. “नुसतं कोष्टक आहे. क्रमांक दाबला की गेल्या वर्षीचे गुण उचलायचे, त्यात एकदोन कमीजास्त करायचे. शेरे बारा. चार हुशारांसाठी, चार मधल्यांसाठी, चार राहिलेल्यांसाठी. कागद नुसता एका बाजूनं जातो आणि दुसऱ्या बाजूनं येतो.”

“म्हणजे माणूस एक गोष्ट खरी बोलला होता,” व्यायामाचे सर म्हणाले. “यंत्र अक्षर वाचत नाही!”

हशा ओसरला तेव्हा गणिताच्या बाई मात्र रडवेल्या झालेल्या दिसल्या. “तुम्ही हसताय. पण माझ्यावर चार वर्गांच्या वह्या असतात. या महिन्यात मी पहिल्यांदा दिवसाउजेडी घरी गेले, लेकराशी खेळले. आता परत तेच? आणि मला एक सांगा, आम्ही सगळे शिकलेले. आम्हाला कळलं कसं नाही?”

सगळे ग्रंथपालांकडे बघू लागले. खाली बसावं, असं त्यांना फार वाटलं. पण तिसऱ्या रांगेत गाडीचा चालक लेकीचा हात धरून बसला होता.

“बाई,” ते म्हणाले, “गुण आपल्याला बरोबर वाटले, कारण आपणही दमलो की हेच करतो. नाव बघतो आणि गुण देतो. मी केलंय. एका मुलीला मी निबंध न वाचता सात गुण दिले होते. कालच वाचला. माझ्यापेक्षा बरं लिहिते ती. तेव्हा या पेटीवर मी एकट्यानं हसू शकत नाही. वीस वर्षं माझ्या डोक्यातही असलंच कोष्टक होतं.”

मग ते गणिताच्या बाईंकडे वळले.

“तुमचं ओझं खरं आहे, बाई. ते उतरवणारं खरं यंत्र आलं तर जरूर घ्या. संगणकाचे सर त्यांच्या संगणकावरची खरी कृत्रिम बुद्धिमत्ता सरावाचे प्रश्न काढायला घेतात, पत्रकं लिहायला घेतात आणि त्याच्या चुकाही दुरुस्त करतात. त्यात कमीपणा नाही. पण यंत्र असो, महाराज असो की मी असो, त्या मुलीच्या निबंधातल्या मामासारखं, ट्यूब नवी आहे म्हटलं तरी ती पाण्यात धरायची. एकच निबंध दोन नावांनी द्यायचा. बुडबुडा आला तर पंक्चर आहे. नाही आला तर खुशाल चालवा. एवढं करायला फार बुद्धी लागत नाही. फक्त ‘तपासून बघू’ म्हणायला लाजायचं नाही.”

यादी लागली नाही. मोठ्या बाईंनी ती सगळ्यांसमोर फाडली, सूटवाल्याला पोलिसांकडे धाडलं, आणि सोमवारपासून वह्यांचे गठ्ठे कमी कसे करायचे यावर बैठक ठेवली. जाता जाता चालकाच्या मुलीनं सरांना गाठलं. “सर, चौथ्या कपाटाचा खालचा कप्पा उघडाल?”

“आधी तुझा निबंध दे,” सर म्हणाले. “मला वाचायचाय.”

घरी जाण्याआधी त्यांनी ग्रंथालयात बसून उत्तर लिहिलं.

‘चि. सौ. की कुमारी, मला ठाऊक नाही. नऊ वर्षं उशीर केल्यावर माणसाला काहीच ठाऊक नसतं. तुझा निबंध मी तेव्हा वाचला नव्हता. काल वाचला. गुण देत नाही, तो अधिकार मी गमावला. पण एक विचारायचं राहून गेलं : दुसऱ्या पानावर मामा लाल सायकल विकायला नाही म्हणतो. का?’

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट सोडलं. आत पडल्याचा आवाजही आला. तरीही आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी फटीत दोन बोटं घातली आणि पाकीट अडकलेलं नाही ना, ते तपासून बघितलं.